पेटी गार, डोकं गार

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडी-खराडीतून सुटलेल्या आणि नाशिक फाट्याला वळणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरकडे निघालेल्या असतात. रविवारी रात्री त्याच गाड्या परततात तेव्हा डिकीत काय असतं? सोललेला मटार, टोमॅटोचा पल्प, किसलेलं ओलं खोबरं आणि आईच्या दहा सूचना. हा सगळा माल येतो पडवीतल्या त्या पांढऱ्या पेटीतून. म्हणजे डीप फ्रीझरमधून!

पूर्वी ही पेटी आइस्क्रीमच्या दुकानात नाहीतर डेअरीवर दिसायची. आता ती घरात आली आहे. बरेचदा ती आपणच हप्त्यावर घेऊन दिलेली असते. आणि मग काय, बॉस, पेटीचा टेक सपोर्टही आपल्याकडेच येतो. मीटिंग चालू असताना फोन वाजतो, ‘अरे, पेटी बंद पडली वाटतं, मटारला पाणी सुटलंय.’ सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून तुम्ही काय करणार? थोडी माहिती असेल तर बरंच काही.

पेटीच का?

गार हवा जड असते, ती खाली बसते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवरून निघून जाते. पेटीचं झाकण वर उघडतं, त्यामुळे गारवा आतच राहतो. जिथे लाइटचा भरवसा नाही, तिथे हा फायदा मोठा आहे.

जुन्नर-आंबेगावात तर साठवण्यासारखं पुष्कळ. थंडीत मटार स्वस्त होतो, उन्हाळ्यात त्याचं नावही घेववत नाही. जुलै २०२३ आठवतोय? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्या महिन्यात ज्यांच्या पेटीत पल्पचे डबे होते, त्यांची भाजी निवांत शिजली.

खरा व्हिलन : व्होल्टेज

गावठाणात राहणाऱ्यांचं एक वेळ ठीक असतं. पण आपल्याकडे निम्मं घराणं मळ्यात. तिथली लाइन बहुतेक वेळा शेतीपंपांचीच. थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज धपकन खाली येतं. पाळी संपली, मोटारी बंद झाल्या की तेच व्होल्टेज वर उसळतं. बल्बचं काय, तो मंद होतो आणि पुन्हा उजळतो. कॉम्प्रेसरला मात्र कमी दाबावर सुरू होता येत नाही. तो जोर लावतो, तापतो, सुरक्षेचा स्विच त्याला बंद करतो. गार झाला की पुन्हा तेच. पेटीमागून दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येतो तो याचाच.

म्हणून स्टॅबिलायझर हवाच. तो घेताना दोन गोष्टी विचारा. किती खालच्या व्होल्टेजपर्यंत तो काम करतो? आणि लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून सप्लाय देतो का? हा उशीर महत्त्वाचा. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी त्याला ढकललं की मोटर अडकते. लपंडाव खेळणाऱ्या लाइटमध्ये कॉम्प्रेसर जळतात ते असेच.

दुसरी गोष्ट अर्थिंग. पेटीला हात लावला की मुंग्या येत असतील तर ‘चालायचंच’ म्हणू नका. ओली पडवी, अनवाणी पाय आणि लोखंडी पेटी हे जिवावरचं कॉम्बिनेशन आहे. प्लग काढा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर पेटी चालवू नका.

वर्षाची सर्व्हिसिंग, अर्ध्या दिवसात

मटारचा सीझन सुरू होण्याआधी, दिवाळीच्या आसपास, पेटी जवळजवळ रिकामी असते. तोच मुहूर्त साधा.

* आतल्या भिंतींवर बर्फ अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की तो काढायचाच. जाड बर्फ म्हणजे स्वेटर, गारवा आत पोचू देत नाही आणि बिल वाढवतो.
* प्लग काढा, झाकण उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खालचं पाणी जाण्याचं बूच काढा. सुरी, विळा, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नाही! एक भोक पडलं की आतला गॅस गेला. नव्या घरगुती पेट्यांमध्ये बऱ्याचदा आर-६००ए नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेतो. मागचं स्टिकर वाचा.
* खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मगच सुरू करा.
* झाकणाच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज सुटली तर तिथून गारवा गळतोय. रबर कोमट पाण्याने पुसून पाहा, कडक झालं असेल तर बदला.
* बऱ्याच पेट्यांची उष्णता बाजूच्या पत्र्यातूनच बाहेर पडते. म्हणून पत्रा गरम लागला तर घाबरू नका, पण भिंतीपासून वीतभर जागा सोडा. वर गोधड्या आणि बाजूला कांद्याच्या गोण्या नकोत. ऊन आणि चूल यांच्यापासून लांब ठेवा.

मटार एकदम नाही!

गोणीभर मटार सोलून सगळा एकाच रात्री पेटीत ढकलायचा, ही आपली लाडकी सवय. पेटी गार माल गार ठेवायला बनलेली आहे, ढीगभर गरम माल गोठवायला नाही. दोनशे लिटरच्या पेटीत दिवसाला सात-आठ किलो नवा माल पुरे. जास्त भरलात तर जुनाही मऊ पडतो.

दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढा. त्याने दाण्यातली एन्झाइम्स थांबतात, नाहीतर गोठलेल्या मटारचाही रंग आणि चव हळूहळू उतरते. कोरडे करून छोट्या पिशव्या भरा, तारीख लिहा.

फोनवरचं निदान

*‘पेटी चालू आहे पण गार होत नाही.’* आधी बटण बघायला सांगा. बऱ्याच पेट्यांना फ्रीझर आणि कूलर असे दोन मोड असतात. झाडताना, पुसताना ते फिरतं. मग रबर, मग बर्फाचा थर, मग व्होल्टेज.

*‘सारखी चालूच असते.’* झाकण नीट बसत नाही, ऊन लागतंय किंवा नवा माल खूप भरलाय.

*‘टक टक वाजतं, पण सुरू होत नाही.’* प्लग काढा, अर्धा तास थांबा, व्होल्टेज नीट असताना पुन्हा लावा. तरीही तेच झालं तर रिले किंवा कपॅसिटर गेलेला असू शकतो. तो स्वस्तातला पार्ट आहे, लगेच नवा कॉम्प्रेसर घेऊ नका.

*‘मेकॅनिक म्हणतो, गॅस संपला.’* गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे पुन्हा तेच बिल. आणि आर-६००ए असेल तर त्याचं काम येणाऱ्यालाच हात लावू द्या.

लाइट गेली तर…

३ जून २०२० चं निसर्ग वादळ जुन्नर-आंबेगावकर विसरलेले नाहीत. पत्रे उडाले, हिरड्याची झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. अशा वेळी पहिला नियम एकच, झाकण उघडायचं नाही. गच्च भरलेली पेटी बंद राहिली तर माल सुमारे ४८ तास टिकतो, अर्धी भरलेली असेल तर सुमारे २४ तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा. हीच गरिबाची बॅटरी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर पेटी लावू नका, सुरू होताना कॉम्प्रेसर कितीतरी पट करंट ओढतो.

गावचं घर आठवडाभर बंद असतं? मग एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर छान. तळाशी बर्फात अडकलेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. पेटी गार दिसते, पण माल दगा देणारा आहे.

लाइट आल्यावर काय ठेवायचं, काय टाकायचं? ज्यात बर्फाचे कण शिल्लक आहेत ते पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरेल इतकंच. पण मटण, मासे, दूध, शिजवलेलं अन्न पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त गरम राहिलं असेल तर टाका. ‘वास तर येत नाही’ हा पुरावा नव्हे. आपली आधीची पिढी अन्न टाकायला तयार होत नाही, त्यांनी टंचाई पाहिली आहे. म्हणून रागावू नका, शांतपणे सांगा. तीनशे रुपयांचं मटण वाचवताना दवाखान्यात तीन दिवस जायला नकोत.

आणि हे तर फ्रीझरच्या झाकणावरच लिहून चिकटवा. बाबांचं, आजीचं इन्सुलिन डीप फ्रीझरमध्ये कधीच ठेवायचं नाही. त्याला २ ते ८ अंश लागतात, म्हणजे साध्या फ्रीजचा खण. लाइट गेली म्हणून ‘थोडा वेळ पेटीत’ ठेवलेलं इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. वितळल्यावर ते ठीक दिसलं तरी वापरायचं नाही. डिंभ्याच्या पलीकडच्या वाडीत असाल तर नवी बाटली आणायला जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो.

तर मंडळी, पुढच्या वीकएण्डला एक थर्मामीटर आणि एक स्टॅबिलायझर घेऊन जा. थर्मामीटर उणे १८ दाखवतोय का बघा. वायरमनचा आणि विश्वासू मेकॅनिकचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. पेटी घेऊन देणं सोपं असतं. ती चालवणारी माणसं तिथे एकटी आहेत, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.