सहीच्या अगोदर

चाळिशीच्या आसपासचा एखादा गृहस्थ थकवा आणि कामेच्छेचा ऱ्हास यांची तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढतो, टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण कमी असल्याचा अहवाल त्याच्या हाती पडतो, आणि मग बारीक अक्षरांतील इंग्रजी मजकुराचा एक कागद पुढे सरकवून, पेन्सिलीने फुली केलेल्या जागी त्याची सही घेतली जाते. या दस्तऐवजास आपण संमतीपत्र म्हणतो. परंतु मजकूरच ज्याला उमगला नाही त्याची सही म्हणजे संमती नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या परिचयातील एका पस्तिशीच्या तरुणाने, घरात अपत्याची वाट पाहणे चालू असतानाच, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू केली. पुढे वीर्यतपासणी झाली तेव्हा शुक्रजंतूंच्या रकान्यात शून्य होते. ‘‘काका, हे तर पुरुषत्वाचंच औषध ना?’’ असे त्याने मला विचारले, आणि त्याच्या या समजुतीस मी अडाणीपणा म्हणणार नाही, कारण सामान्य तर्क त्याच दिशेने जातो. शरीराचा व्यवहार मात्र उलटा आहे: संप्रेरक बाहेरून येऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, पुरवठा मुबलक आहे असे धरून, अंडकोषांकडे धाडावयाचे हुकूम बंद करते, रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसते, पण शुक्रजंतू घडण्यासाठी खुद्द अंडकोषात ते जितके लागते तितके तेथे उरत नाही. औषध थांबविल्यावर बहुतेकांची स्थिती काही महिन्यांत, कित्येकांची त्याहून उशिरा पूर्ववत होते. सर्वांची होईलच, अशी हमी कोणी देऊ नये.

ज्यांचे अंडकोष किंवा पीयूषिका खरोखरच निकामी झाली आहे त्यांना हा उपचार वरदान आहे, हे निःसंशय. मात्र ती कमतरता एका चाचणीवर ठरवू नये. दोन निरनिराळ्या सकाळी, उपाशीपोटी रक्त तपासून खातरजमा करावी. वार्धक्याची मरगळ हटेल या आशेची गोष्ट वेगळी. 65 वर्षे व त्यापुढील पुरुषांवरील ज्या अमेरिकन चाचण्या 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत कामेच्छा माफक सुधारली, पण उत्साह वाढावा ही अपेक्षा फळली नाही. हृदयविकाराचे भय बाळगणाऱ्यांना 2023 च्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीने पुष्कळसा दिलासा दिला. तरीही हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील रक्ताची गुठळी हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. रक्त दाट होते, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, वेळोवेळी पाहावे लागते आणि ते 54 टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवावे लागते. टेस्टोस्टेरॉनचे जेल खांद्यावर चोळणाऱ्या बापाने हात न धुता, सदरा न चढविता लेकराला कडेवर घेतले, तर ते औषध लेकराच्या अंगात उतरते, हेही घरी ठाऊक असावयास हवे.

हे सारे मराठीत सांगावयास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. सांगून झाल्यावर ‘‘आता मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगा,’’ असे डॉक्टरांनी म्हणावे, आणि पहिलाच प्रश्न ‘‘तुम्हाला मूल हवं आहे का?’’ हा असावा.

त्या तरुणाने परवा आपली फाईल मजसमोर उघडली. वंध्यत्वाची सूचना दुसऱ्या पानावर होती, आणि तिच्या बरोबर खाली त्याची सही.