रायफलची किंमत आणि निर्णयाची किंमत

बेंगळूरुच्या दक्षिणेला जिगणी औद्योगिक वसाहत आहे. वाहनांसाठी स्प्रिंग तयार करण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या उद्योगसमूहातून उभी राहिलेली एसएसएस डिफेन्स ही कंपनी तेथे स्नायपर रायफली बनवते. २०२४ मध्ये एका मित्रदेशाने तिच्याकडे .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाच्या रायफलींची मागणी नोंदवल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने अमेरिकेच्या सिग सॉवर कंपनीकडून आणखी ७३ हजार सिग-७१६ रायफली घेण्याचा ८३७ कोटी रुपयांचा करार केला. रायफल निर्यात करणारा देश रायफल आयातही करतो, ही विसंगती वरकरणी खटकते. परंतु तिच्यावरून थेट निष्कर्ष काढण्याआधी मूळ प्रश्न विचारायला हवा: ही महागडी अर्ध-स्वयंचलित रायफल तिच्या किमतीच्या तोलाची आहे काय?

आधी हिशेब. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० रायफलींसाठी सुमारे ६४७ कोटी रुपये मोजले गेले. म्हणजे एका रायफलीस साधारण ८९ हजार. दुसऱ्या करारात हाच भाव साधारण १ लाख १५ हजारांवर गेला. ही वाढ २८ टक्क्यांची आहे आणि टीकाकारांचे बोट नेमके तिच्यावरच असते. मात्र २०१९ च्या आरंभी डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, तो २०२४ मध्ये ८४ च्या घरात पोहोचला. डॉलरमध्ये मोजल्यास ही वाढ जेमतेम ८ टक्के भरते. साडेपाच वर्षांतील अमेरिकी महागाईपेक्षा ती बरीच कमी आहे. विक्रेत्याने लुबाडले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. वाढीचा मोठा वाटा रुपयाच्या घसरणीचा आहे, आणि आयातीवर विसंबणाऱ्या देशाला ही किंमत प्रत्येक नव्या करारात मोजावी लागते.

आता उपयुक्तता. ही रायफल ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचे काडतूस वापरते. खटका एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र त्या गोळीची ऊर्जा इन्सासच्या ५.५६ मिलिमीटरच्या गोळीच्या जवळपास दुप्पट असते आणि तिचा परिणामकारक पल्ला सुमारे ५०० मीटर व त्याहून अधिक आहे. अमेठीजवळील कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ चा पल्ला संरक्षण मंत्रालयानेच ३०० मीटर सांगितला आहे. नियंत्रण रेषेवर किंवा लडाखच्या उघड्या पर्वतउतारांवर समोरची चौकी बहुधा दरीपलीकडे असते. तेथे गोळ्यांच्या फैरीपेक्षा दूरवर अचूक पोहोचणारी एक गोळी जवानाचा जीव वाचवू शकते. कारगिल युद्धात इन्सासविषयी आलेल्या तक्रारी ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या सामर्थ्याचा भार मात्र जवानाच्याच खांद्यावर येतो. ७.६२ बाय ५१ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम वजनाचे, तर ५.५६ चे त्याच्या निम्म्याने. दोनशे काडतुसे बाळगायची झाल्यास पावणेपाच किलोंहून अधिक वजन होते. झटकाही जोरदार बसत असल्याने लागोपाठ नेम साधण्यास सराव अधिक लागतो. गावात, जंगलात वा इमारतीत जवळून होणाऱ्या चकमकीत ५०० मीटरच्या पल्ल्याचा उपयोग थोडा आणि वजनाचा जाच अधिक. त्यामुळे आघाडीवरील पायदळासाठी सिग-७१६ आणि उर्वरित सैन्यासाठी ६ लाखांहून अधिक एके-२०३ ही विभागणी तत्त्वतः योग्य आहे. एके-२०३ चा भाव ८५ हजारांच्या आसपास पडतो, पण त्यात देशात उत्पादन उभारणे आणि तंत्रज्ञान हस्तांतरणही आहे. सिगच्या करारात कारखाना मिळत नाही, केवळ शस्त्र मिळते.

खरा आक्षेप येथे सुरू होतो. पहिली खरेदी जलदगती प्रक्रियेतून झाली. ती समर्थनीय होती; इशापूर कारखान्याची ७.६२ मिलिमीटरची रायफल लष्कराने २०१७ मध्ये चाचण्यांनंतर नाकारली होती आणि सीमेवरच्या जवानाला थांबवून ठेवणे शक्य नव्हते. तातडीची खरेदी हा वेळ विकत घेण्याचा मार्ग असतो. प्रश्न विकत घेतलेल्या त्या वेळेचे काय केले, हा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने आयात बंद करावयाच्या १०१ संरक्षण सामग्रींची यादी जाहीर केली, तीत असॉल्ट रायफलींचा समावेश होता. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह तयार केलेली ‘उग्रम’ ही याच काडतुसाची रायफल मात्र जानेवारी २०२४ मध्ये पुढे आली. कोरव्याचा करार डिसेंबर २०२१ चा. जुलै २०२४ पर्यंत तेथून ३५ हजार रायफली लष्कराला मिळाल्या होत्या. साडेपाच वर्षांनी पुन्हा त्याच दुकानात जावे लागले, याचे कारण विक्रेत्याच्या भावात नाही, आपल्या विलंबात आहे.

जिगणीच्या उदाहरणाचाही अर्थ नेमका लावायला हवा. काही शे स्नायपर रायफली उत्तम बनवणे आणि हिमालयापासून वाळवंटापर्यंत चालतील अशा लाखभर रायफली एकाच दर्जाने बनवणे, ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. एका निर्यात मागणीवरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. पण ते कौशल्य मागणीविना येतही नाही. नळी घडवण्याची यंत्रे, धातूवरील प्रक्रिया, चाचणीसाठी लाखो काडतुसे यांवर खासगी उद्योजक भांडवल घालतो ते पुढील दहा वर्षांत लष्कर किती रायफली घेणार, हे ठाऊक असेल तरच. पुनर्मागणीच्या वाटेने गेलेली प्रत्येक मोठी खरेदी त्याला स्पर्धेत उतरण्याची संधीच देत नाही.

म्हणून निवाडा दुहेरी द्यावा लागतो. ज्या जवानाला ५०० मीटरवरचे लक्ष्य टिपायचे आहे, त्याच्यासाठी सिग-७१६ आपल्या किमतीची आहे. संस्था म्हणून आपण ज्या रीतीने ती घेतली, ती रीत मात्र महाग पडली. यापुढे केवळ खरेदीचा भाव न पाहता नळीचे आयुष्य, सुटे भाग, दुर्बीण, काडतुसे आणि प्रशिक्षण यांसह पंधरा-वीस वर्षांचा एकूण खर्च तुलनेत धरला पाहिजे. सर्वांत कमी बोलीच्या नियमालाही मर्यादा आहेत. अधिक चांगल्या कामगिरीला दहा टक्क्यांपर्यंत गुणाधिक्य देण्याची तरतूद २०१६ च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीपासून आहे, ती रायफलींच्या निविदांत धीटपणे वापरावी. आणि तातडीच्या प्रत्येक खरेदीसोबत स्वदेशी पर्यायाच्या चाचणीची तारीख बांधून घ्यावी. ती तारीख पाळली गेली नाही, तर तिसऱ्या करारातही आपण भावाचीच चर्चा करत राहू आणि रुपयाची घसरण आपल्यासाठी भाव ठरवत राहील.