‘ग्लुटेनमुक्त’ जिन : विज्ञान निःशंक, लेबल संदिग्ध

गव्हाच्या मद्यार्कापासून बनलेली जिन गहू वर्ज्य असलेल्या माणसाला चालेल काय? वरकरणी हा प्रश्न मेजवानीतल्या गप्पांचा वाटतो. सिलिअॅक आजाराच्या रुग्णासाठी मात्र तो चैनीचा नसून प्रकृतीचा आहे. गहू, सातू (बार्ली) आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अस्तर झिजते. अतिसार, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा मागे लागतो. जगभरात साधारणतः शंभरात एकाला हा आजार असतो. भारतात त्याचे प्रमाण गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेत अधिक, तर दक्षिणेत बरेच कमी आढळले आहे. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच त्यावरचा उपाय.

जिनच्या बाबतीत विज्ञानाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. धान्य आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन केले की मद्यार्काची वाफ वर जाते. प्रथिनांचे जड रेणू वाफेबरोबर जात नाहीत, ते भांड्यातच उरतात. जिनसाठी लागणारा मद्यार्क तर सुमारे 96 टक्के शुद्धतेपर्यंत नेला जातो. नंतर त्याला ज्युनिपरच्या फळांचा व इतर वनस्पतींचा स्वाद दिला जातो. त्यामुळे मूळ धान्य गहू असले तरी नीट ऊर्ध्वपातन झालेल्या जिनमध्ये ग्लुटेन येत नाही. बीअरची गोष्ट निराळी. ती सातूपासून बनते आणि तिचे ऊर्ध्वपातन होत नाही. त्यामुळे नेहमीची बीअर या रुग्णांना वर्ज्यच.

कायद्याची वाटचाल

विज्ञानाला जे मान्य होते, ते कायद्याने स्वीकारायला वेळ लागला. युरोपीय संघाने 2007 मध्ये मद्यार्काच्या ऊर्ध्वपातनासाठी वापरलेल्या धान्याला अॅलर्जीकारक घटक जाहीर करण्याच्या बंधनातून सूट दिली. अमेरिकेत मात्र 2012 च्या अंतरिम धोरणानुसार गव्हापासून बनलेल्या मद्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापता येत नव्हते. ऑगस्ट 2020 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने नवा नियम केला : ऊर्ध्वपातित पदार्थात प्रथिनांचा अंशही नाही, हे सिद्ध केले तर तो शब्द वापरता येईल. मद्याची लेबले पाहणाऱ्या यंत्रणेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हीच भूमिका घेतली.

खरी मेख ऊर्ध्वपातनानंतर आहे. बाटली भरण्यापूर्वी मद्यात काय मिसळले जाते, यावर सारे अवलंबून असते. युरोपीय नियमांनुसार ‘लंडन जिन’ या प्रकारात ऊर्ध्वपातनानंतर पाणी, त्याच दर्जाचा मद्यार्क आणि लिटरमागे 0.1 ग्रॅमपर्यंत साखर एवढेच घालता येते. रंगही चालत नाही. (हे नाव लंडन शहराचे नसून पद्धतीचे आहे.) फळांच्या स्वादाच्या, गुलाबी रंगाच्या जिन आणि तयार कॉकटेल यांना ही शिस्त लागू नाही. त्यांत कोणता अर्क, कोणता स्वाद आहे, हे प्रत्येक बाटलीगणिक पाहावे लागते.

आपल्याकडचे चित्र

भारतात मद्यार्काची मोठी परंपरा उसाच्या मळीची आहे, आणि उसात ग्लुटेन नसते. धान्याचा मद्यार्कही बऱ्याचदा तांदळाची कणी किंवा मका यांचा असतो. त्यांतही गव्हाचे ग्लुटेन नाही. ज्वारीचेही तेच. महाराष्ट्रात धान्यापासून मद्यार्क करण्यावरून वाद झाला, तो ग्लुटेनचा नव्हता. माणसाचे अन्न मद्यासाठी वापरावे काय, हा होता. ग्राहकाची अडचण वेगळीच आहे. लेबलावर नुसते ‘धान्याचा मद्यार्क’ असे असेल, तर ते धान्य कोणते, हे त्याला कळणार कसे? गेल्या काही वर्षांत गोव्यात तयार होणाऱ्या जिनचा बोलबाला झाला आहे. वनस्पतींची नावे बाटलीवर हौसेने मिरवणाऱ्या या व्यवसायाला मूळ मद्यार्कही स्पष्टपणे सांगणे जड जाऊ नये.

जिनची एवढी चिकित्सा करणारा रुग्ण शेजारच्या ताटलीकडे मात्र सहज दुर्लक्ष करतो. चखण्यातील तळलेल्या पदार्थांवर मैद्याचे आवरण असते, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आणि आपल्या फोडणीतला बांधानी हिंग? त्यात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ग्लुटेनमुक्त अन्नाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. तिथे चिमूटही हिशेबात धरावी लागते. ग्लासातील ग्लुटेनपेक्षा ताटलीतील ग्लुटेन हा कितीतरी मोठा धोका आहे.

आणखी एक सावधगिरी. जिन घेतल्यावर पोट बिघडले की लगेच ग्लुटेनला दोष देण्याकडे कल असतो. पण मद्यार्क स्वतःच जठर व आतड्याचा दाह वाढवतो. केवळ अशा अनुभवावरून परस्पर गहू सोडणेही चुकीचे. सिलिअॅकच्या रक्तचाचणीच्या वेळी आहारात ग्लुटेन असावे लागते. आधीच गहू सोडला तर निदान हुकू शकते. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

शेवटी ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे ‘आरोग्यदायी’ नव्हे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार मद्याच्या लेबलावर आरोग्यविषयक दावा करता येत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले. साधी, ऊर्ध्वपातित जिन ग्लुटेनच्या कसोटीवर उतरते. पण ती कसोटी एकाच प्रथिनाची आहे. रुग्णाला जाहिरातीचा शब्द नको, घटकांची पूर्ण यादी हवी. आणि ती देणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे.