एकवीस इंचांची तलवार

यंदा दसऱ्याला आजोळी जाण्याचा योग आला. आमचे आजोळ नरखेड तालुक्यातले. चहूकडे संत्र्यांच्या बागा. खंडेनवमीला मामांच्या घरी विळे, कुऱ्हाडी आणि फवारणीचा पंप यांच्या रांगेत एक तलवारही मांडतात. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात फौजेची लॉरी हाकीत. १९४५ साली जपान शरण आल्यावर एका साहेबाने ही जपानी अधिकाऱ्याची तलवार आपल्याला दिली, असे ते सांगत.

पूजा चालू असतानाच मामांचा नातू म्हणाला, "आबाजी, अधिकाऱ्याची तलवार एवढीशी असते का? ही कुठल्या तरी जत्रेतली दिसते."

मामांचा कुंकवाचा हात तसाच थांबला. ते काही बोलले नाहीत. रात्री मात्र मला ओसरीवर बोलावून म्हणाले, "भाऊ, तू एकदा पाहून दे. माया बाप खोटं बोलनारा मानूस नोयता. पन खोटं निघालं, तं तसं सांगजो मले. मंग पूजेत नाई मांडनार."

आता आली का पंचाईत! वस्तूची परीक्षा करायची, आणि निकाल आजोबांच्या शब्दाचा लागायचा.

सकाळी मामींच्या शिवणाच्या पेटीतून टेप घेतली. जपानी पाते मोजताना मूठ धरीत नाहीत. टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. भरले एकवीस इंच. जपानी 'शाकू' हे माप आपल्या फुटाएवढेच, ३०.३ सेंटिमीटरचे. दोन शाकूंहून लांब ती 'कताना', एक ते दोन शाकूंमधली 'वाकिझाशी', त्याहून लहान तो 'तांतो'. म्हणजे आमची वाकिझाशी ठरली. सामुराई कमरेला दोन तलवारी लावीत, त्यांतली ही धाकटी.

पण धाकटी तलवार फौजेत कशी? त्याचे असे आहे. १९३४ साली जपानी लष्कराने जुन्या घाटाची नवी तलवार ठरवली. अधिकाऱ्याला ती स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे, आणि घरचे वडिलोपार्जित पाते लष्करी मुठीत बसवून घेण्याची मुभा होती. ज्याच्या घरी आखूड पाते होते, त्याने तेच बसवले. आखूड तलवार दिसली की ती वैमानिकाची म्हणायची चाल आहे. पण नुसत्या लांबीवरून तसे ठरत नाही.

मग मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ठोकून काढली. मुठीवर पाकट माशाचे खरखरीत कातडे, वर फितीची वीण. मुठीपुढच्या तबकडीवर चेरीची फुले. ही लष्कराची खूण. हवालदारांच्या तलवारी कारखान्यात ठोकलेल्या असत, पात्यावर क्रमांक असे. इथे तो नव्हता. आतला दांडा जुन्या, काळपट गंजाने भरलेला, आणि त्याला एक सोडून दोन भोके. दुसरे भोक म्हणजे पाते कधी तरी नव्या मुठीत बसवल्याची खूण. जत्रेतल्या वस्तूला एवढा इतिहास नसतो.

मामा तो गंज चिंचेने घासायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. वाचकांपैकी कोणाकडे अशी वस्तू असेल, त्यांनीही ध्यानात ठेवावे : दांड्याचा गंज हाच तिच्या वयाचा दाखला. तो काढू नये, पात्याला धार लावू नये, पुसून हलके तेल तेवढे लावावे.

मग नातवाला बोलावले आणि त्याला एक गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशात जनरल स्लिम यांनी हट्टच धरला होता, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्याच सैनिकांसमोर तलवारी खाली ठेवाव्यात. पुढे सायगावला १९४५ च्या नोव्हेंबरात फील्डमार्शल तेराउची यांनी माउंटबॅटन यांच्या हाती आपल्या तलवारी दिल्या. त्यांत घराण्यातली, पंधराव्या शतकातली एक आखूड वाकिझाशीही होती. फील्डमार्शलची तलवार आखूड चालते, तर लेफ्टनंटची का चालू नये?

नातू ओशाळला. "आबाजी, चुकलो," म्हणाला आणि खुंटी त्यानेच परत बसवली.

मी मामांना मात्र खरे तेच सांगितले. तलवार खरी, पण ती साहेबानेच दिली, हे काही पात्यावर लिहिलेले नसते. तेवढ्यापुरता आजोबांचा शब्दच धरावा लागेल.

"तेवढं बस झालं," मामा म्हणाले. मग बराच वेळ तलवारीकडे पाहात राहिले. "म्हंजे हे बी कोनाच्या तरी बापाचीच होती म्हन!"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामांनी उठून देवघरातले झेंडूचे आणखी एक फूल आणले आणि पात्यावर ठेवले.