शिष्यवृत्ती मिळते, पण केव्हा?

शिष्यवृत्तीची चर्चा निघाली की आपण नेहमी 'किती' हाच प्रश्न विचारतो. किती रुपये, किती जणांना, किती टक्के गुणांवर. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. येणे वेगळे आणि रोकड वेगळी, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. एखाद्या पेढीच्या वहीत नफा दिसत असतो, गिऱ्हाइकांकडून भरपूर येणे असते, आणि तरीही आठवड्याच्या पगाराला गल्ल्यात पैसे नसल्यामुळे ती पेढी बसते. हाच न्याय वडगावच्या मागावर काम करणाऱ्याच्या किंवा उद्यमबागेतील फौंड्रीत जाणाऱ्याच्या मुलाला लावून पाहावा. कागदावर त्याची फी माफ असते, पण प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर रोख मागतात.

क्रम असा असतो. आधी प्रवेश, म्हणजे आधी फी. मग नोंदणी क्रमांक, मग अर्ज, मग छाननी, मग मंजुरी, आणि शेवटी खात्यात रक्कम. तोवर एक सत्र उलटलेले असते, कित्येकदा वर्षही. मदत अशा क्रमाने आली की ती ज्याच्या घरी आधीच थोडी पुंजी आहे त्यालाच उपयोगी पडते. उरलेल्यांनी काय करावे? आईची बोरमाळ गहाण पडते. समजा, १५,००० रुपये येणे आहे आणि तेवढेच पैसे दरमहा शेकडा दोन व्याजाने नऊ महिन्यांसाठी उचलले. व्याज झाले २,७०० रुपये. सरकारने विद्यार्थ्याला दिलेल्या रकमेतला जवळजवळ पाचवा हिस्सा सावकाराच्या पेटीत गेला, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.

गहाण ठेवायला काही नसते त्यांची गोष्ट याहून लवकर संपते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगी दुसऱ्या सत्राला आलीच नाही. हिशेबात ती आमच्यापैकी बहुतेकांपेक्षा पुढे होती. तिचा अर्ज फेटाळला गेला नव्हता, मंजूर झाला होता. तो संदेश आला तेव्हा ती शहापुरातील एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत उभी होती. आजही तिथेच आहे. सरकारदरबारी मात्र तिची नोंद लाभार्थी म्हणून झाली असेल!

पूर्वीच्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. खेड्यातून आलेल्या पोराला पावती दाखवून पैसे मागायचे नव्हते. आल्या दिवशी त्याला पान वाढले जात होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, मंजूर केले. दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार आधी लिहून घेतला, परंतु पैसे शिक्षणाबरोबर दिले. 'आधी जा, शिका, पावत्या जपून ठेवा, मग पाहू' असे बडोद्याहून उत्तर आले असते, तर कोलंबिया विद्यापीठाच्या इतिहासात एक नाव कमी झाले असते.

आजच्या काळातही एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर रोज धावते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली आणि खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलकडून येणाऱ्या मुलींचा साध्या बसचा प्रवास मोफत झाला. या योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि सकाळच्या बसमध्ये उभे राहायला जागा मिळत नाही ही मुलांची तक्रारही खोटी नाही. पण तिच्या रीतीकडे पाहावे. मुलगी आधार कार्ड दाखवते, वाहक शून्य रुपयांचे तिकीट फाडतो, आणि मुलगी वर्गात पोचते. 'आधी तिकीट काढा, मार्चमध्ये परत देऊ' असे असते, तर किती जणी पोचल्या असत्या? याच बसथांब्यावर शिनोळीकडून, म्हणजे चंदगड तालुक्यातून आलेली मुलगीही उतरते. तिचा पत्ता महाराष्ट्रातला, कॉलेज कर्नाटकातले. एका राज्याच्या सवलती पत्ता पाहतात, दुसऱ्याच्या कॉलेज पाहतात, आणि दोन्ही ठिकाणी ती बाहेरची ठरते. सीमेचे मोठे प्रश्न मोठ्या लोकांनी सोडवावेत. हा लहान प्रश्न मात्र दोन खात्यांच्या दोन कारकुनांनी मनावर घेतला तरी सुटण्यासारखा आहे.

मग कागदपत्रे. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आधारवर कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरे. 'परशराम'चा 'परशुराम' झाला की अर्ज अडकला. मी कन्नड वाचतो म्हणून वर्गातले निम्मे अर्ज माझ्याकडे येतात. नाडकचेरीचा 'आदाय प्रमाण पत्र' म्हणजे उत्पन्नाचा दाखला, एवढे कळायलाही काहींचे दोन हेलपाटे वाया गेलेले असतात. खाते आधारला जोडलेले असणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते नोंदलेले असणे वेगळे, हे तर बँकेतसुद्धा कोणी धड समजावून सांगत नाही.

कर्जाबद्दल फार लिहीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना विनातारण, विनाजामीन कर्ज देते हे चांगलेच आहे. पण ती राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या ठरावीक संस्थांपुरती आहे. यादीबाहेरच्या कॉलेजात बी. कॉम. करणाऱ्याला तिचा काय उपयोग?

सरकारी चक्र आपण फिरवू शकत नाही. पण मधल्या नऊ महिन्यांचा खड्डा कॉलेजला भरता येईल असे मला वाटते. समजा, पन्नास विद्यार्थ्यांची प्रत्येकी ६,००० रुपयांची अडचण आहे. म्हणजे तीन लाख रुपये, एकदाच. माजी विद्यार्थी आणि व्यापारी मंडळी यांच्याकडून हा फिरता निधी उभा करावा, शिष्यवृत्ती जमा झाली की विद्यार्थ्याने तेवढी रक्कम परत करावी, आणि तीच पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याच्या कामी यावी. व्याज नको, तारण नको. 'पोरे पैसे बुडवतील' असे कोणी म्हणेलच. काही बुडवतील. प्रत्येक शहाणा व्यापारी बुडीत कर्जाची तरतूद करतोच. शेकडा दहा धरावी आणि तेवढी रक्कम स्नेहसंमेलनाच्या मंडपातून वाचवावी. मंडप थोडा लहान झाला तर कार्यक्रम काही वाईट होत नाही. निधीचा जमाखर्च आमच्याच वर्गाने लिहावा आणि दर सत्राला सूचनाफलकावर लावावा. आणि जुलैतले चार शनिवार कन्नड विभागातील मित्रांनी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एक टेबल टाकून अर्ज तपासून द्यावेत. दोघांशी बोललो आहे, ते तयार आहेत. टेबल तेवढे कॉलेजने द्यावे.