मालक नाही, म्हणून बेवारस?

समाजमाध्यमाला एक मालक हवाच, नाहीतर बेबंदशाही माजते, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. साध्या माणसांना असले जाळे चालवणे झेपत नाही, ही त्यांची दुसरी खात्री. दोन्ही मते चुकीची आहेत.

मॅस्टोडॉन हे एकच मालक नसलेले समाजमाध्यम जर्मनीत २०१६ साली सुरू झाले. त्याचे हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचे चालक आणि नियम वेगळे. ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रणालीमुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. मग द्वेष पसरवणाऱ्यांना आवरायचे कोणी? अतिउजव्यांचा अड्डा ठरलेले अमेरिकेतले ‘गॅब’ २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचीच आज्ञावली वापरू लागले, तेव्हा असंख्य सर्व्हरच्या चालकांनी त्याच्याशी संबंध तोडले. वरून हुकूम देणारा कोणी नव्हता, तरी गॅब एकटे पडले.

उलट मालक असलेले ‘कू’ पाहा. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे हे माध्यम संस्थापकांनी जुलै २०२४ मध्ये बंद केले आणि तिथे जमलेली माणसे पांगली. मॅस्टोडॉनचे सर्व्हरही बंद पडतात. वेळेत कळले तर खाते दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते, अनुयायीही सोबत येतात. जुन्या नोंदी मात्र मागेच राहतात, आणि ही उणीव लहान नाही.

राहिला झेपण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात घरदुरुस्तीचे काम निघाले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी मदतीची माहिती घरोघर पोचवणे, अडलेली कामे अधिकाऱ्यांपुढे मांडणे, हे त्यांनी केले. महिला बचत गटांची घडण तर मॅस्टोडॉनसारखीच: प्रत्येक गटाची वही आपली, नियम आणि दंड आपला, कर्ज कोणाला द्यायचे तेही बैठकीतच ठरते, तरी गट एकमेकांशी जोडलेले राहतात. ज्यांना हे जमते, त्यांना सर्व्हरचे नियम ठरवणे का जमू नये?

खर्च येतोच. सर्व्हरचे भाडे भरावे लागते, तक्रारी पाहायला मराठी नीट समजणारी माणसे लागतात. मॅस्टोडॉनचे पुष्कळ सर्व्हर वर्गणीवर चालतात, आणि वर्गणी गोळा करून तिचा हिशेब सर्वांसमोर ठेवणे गटांतल्या बायकांना नवे नाही. कमतरता आहे ती सर्व्हर उभारून, तो सांभाळायला शिकवेपर्यंत सोबत राहणाऱ्या तंत्रज्ञांची. धाराशिव जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे.