पायासाठी जोडा, जोड्यासाठी पाय नव्हे

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंमध्ये सायकलीचे पुनरागमन झाले, ही मनापासून स्वागत करावी अशी गोष्ट आहे. रुग्णांना ‘चाला, फिरा, वजन उतरवा’ असा उपदेश करणारा डॉक्टर स्वतः पहाटे सौंसरच्या रस्त्यावर घाम गाळताना दिसला, की त्या उपदेशाला वजन येते. या बाबतीत डॉक्टरांची परंपराही थोर आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने पूर्ण केली. 2017 मध्ये सैन्यदलातील डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पार केली. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस सिल्लेवानीचा घाट खुणावू लागला, तर त्यात नवल ते काय?

मात्र हौसेबरोबर साधनेही आली. जाड टायरची माउंटन बाइक आली, पाठोपाठ क्लीटचे बूट आणि क्लिपलेस पेडल आले. नाव जरा फसवे आहे. पूर्वी पायाचा पुढचा भाग पिंजऱ्यासारख्या क्लिपमध्ये घालून पट्ट्याने आवळत; ती क्लिप गेली म्हणून हे पेडल ‘क्लिपलेस’. प्रत्यक्षात बुटाच्या तळव्याला स्क्रूने बसविलेली धातूची छोटी पट्टी, म्हणजे क्लीट, पेडलमध्ये ‘खट्’ करून अडकते. बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या बंधनावरून ही कल्पना सुचली. 1985 मध्ये बर्नार्ड इनो यांनी अशाच पेडलवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. 1990 च्या सुमारास शिमानो कंपनीने डोंगरी सायकलसाठी दोन स्क्रूंची, तळव्यात खोलवर बसणारी एसपीडी क्लीट आणली. त्यामुळे बूट घालून खडकावरून चालताही येऊ लागले.

माझे म्हणणे या साधनाच्या विरोधात नाही. माझा आक्षेप आहे तो ते दुकानात जसे बसवून मिळेल तसे वापरण्याला. चपला घालून सायकल चालविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी क्लीट बसवून दिली होती, असा प्रश्न काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्यातच दडलेले आहे. साध्या पेडलवर पाय मोकळा असतो. गुडघ्याला ओढ बसली की शरीर नकळत पाऊल सरकवून घेते. क्लीट ही मुभा काढून घेते. मिनिटाला 80 फेरे धरले तर तासाभरात एकेक गुडघा 4800 वेळा वाकतो आणि सरळ होतो. दोन-तीन मिलिमीटरची चूक तितक्याच वेळा गिरवली जाते. बालकांना किलोमागे मिलिग्रॅम मोजून औषध देणाऱ्या माझ्यासारख्याला हा हिशेब चटकन पटतो. मात्रा थोडी चुकली, तरी ती रोज चुकते.

मग क्लीट बसवावी कशी? प्रथम बूट नव्हे, पाय तपासावा. टेबलावर बसून पाय मोकळे सोडावेत आणि पावले आपोआप बाहेर वळतात की सरळ राहतात, हे पाहावे. दोन्ही पाय सारखेच असतील असे गृहीत धरू नये. बूट घालून अंगठ्यामागचा उंचवटा, म्हणजे पहिल्या मेटाटार्सलचे डोके, आणि करंगळीमागचे पाचव्याचे डोके चाचपून बुटाच्या बाहेर खुणा कराव्यात. पेडलचा आस या दोन खुणांच्या दरम्यान यावा, ही चांगली सुरुवात होय. क्लीट फार पुढे, बोटांकडे गेली की पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध यांवर ताण वाढतो. डोंगरउतारावर उभे राहून सायकल सांभाळताना तर पाऊल अस्थिर होते. म्हणून डोंगरी सायकलीसाठी ती किंचित मागे असलेली बरी.

दुसरी गोष्ट वळणाची. क्लीटमध्ये काही अंशांची मोकळीक असते. पेडल फिरविताना टाच आत आणि बाहेर, दोन्हीकडे थोडी हलायला हवी. ती एकाच बाजूला जाऊन अडत असेल, तर मोकळीक संपली आणि पीळ गुडघ्यात गेला असे समजावे. तिसरी गोष्ट बाजूची. क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे सरकवली की पाऊल सायकलीपासून दूर जाते. रुंद कंबरेच्या व्यक्तीस ते सोयीचे ठरते. एका वेळी एकच बदल करावा, तोही एक-दोन मिलिमीटरचा, आणि जुन्या जागेची खूण आधी करून ठेवावी. नवशिक्याने पेडलची पकड सैल ठेवावी आणि पाय सोडविण्याचा सराव गवतावर करावा.

दुखणेही बरेच काही सांगते. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ती वर आहे. आतल्या वा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर आधी क्लीटचे वळण पाहावे. वेदनाशामक गोळी लिहिण्यापूर्वी ॲलन की हाती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वडिलांचे पाहून चौदा वर्षांचा मुलगाही क्लीटचे बूट मागतो. ते देऊ नयेत. वाढत्या वयात पाऊल वर्षाला बूट बदलते, आणि टाचेच्या व नडगीच्या वाढीच्या जागा ओढीला हळव्या असतात. शिवाय साध्या पेडलवर तोल, उडी आणि पाय टेकणे शिकल्याशिवाय पुढची पायरी घाई ठरते. वाढीचा जोर ओसरू द्यावा.

आणि ज्या मुलांना क्लीट ठाऊकही नाही, त्यांचे काय? मध्य प्रदेश शासनाच्या योजनेत दुसऱ्या गावी शाळेला जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकल मिळते. खेड्यातल्या मुलीच्या शिक्षणाला याहून मोठा आधार क्वचितच असेल. परंतु एका इयत्तेतली सर्व मुले एका उंचीची नसतात. गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सायकल बरोबर आणावयास सांगतो. पुष्कळदा सीट मिळाली त्याच उंचीवर असते आणि मूल पेडल टाचेने किंवा पायाच्या मधल्या भागाने रेटत असते. सीट इतकी वर घ्यावी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, आणि चवडा पेडलवर येईल; एवढ्याने अनेकांचे दुखणे उतरते. नवशिक्या मुलास मात्र जमिनीला पाय टेकतील एवढीच उंची आधी द्यावी. एक सावधगिरी आवश्यक आहे. मूल लंगडत असेल, रात्री वेदनेने उठत असेल, ताप वा सूज असेल, तर दोष सायकलीला देऊ नये. खुब्याचा आजारही गुडघ्यात दुखतो. अशा मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्यास घरी पाठवू नये.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्यातील आपल्या संस्थेने आरोग्य शिबिरांच्या यादीत एका शिबिराची भर घालावी, अशी माझी नम्र सूचना आहे. शाळा उघडल्यावर एका रविवारी दोन पाने, एक टेप आणि गावातला एक जाणता सायकलवाला सोबत घेऊन शाळेच्या आवारात जावे. प्रत्येक मुलास सायकलीवर बसवून सीट लावून द्यावी. खर्च जवळजवळ नाही. पायदुखीमुळे शाळा चुकविणारी एक मुलगी जरी पुन्हा सायकलीवर बसली, तरी तो रविवार सार्थकी लागेल. आपल्या क्लीटचे स्क्रू त्याच दिवशी, त्याच पान्याच्या संगतीने तपासून घ्यावेत.